जीन सक्रियण

कोशिकेतील (पेशीतील) एखाद्या जीनामध्ये (आनुवंशिक लक्षणे निर्धारित करणाऱ्या घटकामध्ये) साठविलेल्या माहितीचा प्रत्यक्ष वापर सुरू होण्याच्या क्रियेस जीन सक्रियण असे म्हणतात. ही क्रिया प्रामुख्याने दोन प्रकारच्या प्रथिनांच्या सहकार्याने घडून येते. डीएनएवरील (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लावरील) विशिष्ट स्थान ओळखून तेथे बद्ध होणाऱ्या प्रथिनांस प्रतिलेखन कारक म्हणतात, तर डीएनएस स्वतः न ओळखता प्रतिलेखन कारकांच्या आधाराने तेथे येऊन जीनाचे कार्य सुरू होण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांस सहसक्रियक म्हणतात.

मानवी शरीरातील जवळजवळ सर्व कोशिकांत जीनांचा संच एकच असतो. असे असूनही यकृतातील कोशिका, तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) व त्वचेतील कोशिका यांची रचना आणि कार्ये अगदी भिन्न असतात. इन्शुलीन तयार करण्याचा जीन डोळ्यातील कोशिकांतही असतो. पण तो तेथे निद्रिस्त असतो आणि अग्निपिंडातील (स्वादुपिंडातील) विशिष्ट कोशिकांतच कार्यरत होतो. कोणता जीन, कोणत्या कोशिकेत, केव्हा व किती प्रमाणात कार्य करील यावर सजीवाची वाढ, आरोग्य आणि परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता अवलंबून असते. यावरून जीन असणे आणि जीन कार्यरत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात येईल.

जीनाच्या कार्याची पहिली पायरी म्हणजे प्रतिलेखन होय. यात आरएनए पॉलिमरेज या एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) साहाय्याने जीनातील डीएनएच्या क्रमाची आरएनए (रिबोन्यूक्लिइक अम्ल) स्वरूपातील प्रत तयार होते. या प्रतीत दिलेल्या क्रमानुसार पुढे कोशिकेत प्रथिन बनते. प्रतिलेखनच झाले नाही, तर पुढील काहीच घडत नाही. म्हणून जीनांच्या नियंत्रणाचा बराचसा भाग याच पायरीवर एकवटलेला आढळतो.

इतिहास : जीनांच्या नियमनाचा पहिला सुस्पष्ट नमुना फ्रान्समधील फ्रांस्वा झाकॉब व झाक मॉनो यांनी १९६१ मध्ये मांडला. एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील सूक्ष्मजंतूस ग्लुकोज व लॅक्टोज (दुधातील शर्करा) या दोन्ही शर्करा एकदम दिल्या असता तो प्रथम ग्लुकोज संपवितो आणि नंतरच लॅक्टोज पचविणारी एंझाइमे तयार करू लागतो. लॅक्टोज नसताना या एंझाइमांच्या जीनांपाशी एक निरोधक प्रथिन बसून त्यांचे प्रतिलेखन रोखून धरते; लॅक्टोज उपलब्ध झाले म्हणजे ते निरोधक सुटून जाते, असे झाकॉब व मॉनो यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासमवेत १९६५ चे शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निरोधक दूर होणे पुरेसे नसून प्रतिलेखनास चालना देणारे सक्रियक प्रथिनही लागते आणि ग्लुकोज विपुल असताना ते निष्क्रिय राहते, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

सूक्ष्मजंतूंत सुस्पष्ट केंद्रक नसते. कवके (बुरशी), वनस्पती व प्राणी यांच्या कोशिकांत मात्र डीएनए केंद्रकात असतो आणि तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या सजीवांत तीन प्रकारची आरएनए पॉलिमरेजे असतात, असे १९६९ मध्ये रॉबर्ट रोडर व विल्यम रटर यांनी दाखविले. यांपैकी दुसरे पॉलिमरेज प्रथिनांच्या जीनांचे प्रतिलेखन करते. पण शुद्ध स्वरूपातील हे एंझाइम एकट्याने योग्य ठिकाणी प्रतिलेखन सुरू करू शकत नाही. ते कोणत्या साहाय्याने सुरू होते याचा शोध घेत असतानाच प्रतिलेखन कारक व पुढे सहसक्रियक यांचे ज्ञान होत गेले.

प्रतिलेखन कारक : जीनाच्या आरंभाजवळील डीएनएच्या भागास प्रवर्तक म्हणतात. यांशिवाय जीनापासून दूर, काही वेळा लक्षावधी क्षारकांच्या (डीएनएची अक्षरे म्हणता येतील अशा घटकांच्या) अंतरावर वर्धक नावाचे भाग असतात. या दोन्ही भागांत चार ते बारा क्षारकांचे छोटे क्रम असून निरनिराळे प्रतिलेखन कारक आपापला क्रम ओळखून तेथे बद्ध होतात. ही ओळख डीएनएची दुहेरी सर्पिल रचना न उलगडता होते. सर्पिलाच्या बाहेरील खाचांत क्षारकांच्या कडा उघड्या असतात आणि प्रथिनाचा योग्य आकाराचा भाग त्या खाचेत बसतो. काही कारकांत जस्ताच्या अणूभोवती घडी पडून बोटासारखा भाग तयार झालेला असतो. त्यास जस्त-अंगुली म्हणतात. मानवात सु. १,६०० प्रतिलेखन कारक असावेत, असा अंदाज आहे. प्रथिने तयार करणाऱ्या मानवी जीनांची एकूण संख्या सु. २०,००० आहे, हे लक्षात घेतल्यास नियंत्रणाच्या कामी सजीवाने किती मोठा वाटा खर्च केला आहे याची कल्पना येते.

कारकांची संख्या जीनांच्या मानाने कमी असूनही नियंत्रण अचूक राहते, याचे कारण त्यांचे संयोग होत. एका जीनाच्या प्रवर्तकावर व वर्धकांवर अनेक कारकांची स्थाने असतात आणि त्यांतील आवश्यक ते कारक एकाच वेळी उपस्थित असल्यासच जीन जोमाने कार्य करतो. थोड्या मुळाक्षरांपासून असंख्य शब्द व्हावेत, तसाच हा प्रकार आहे.

प्रतिलेखन कारकाच्या रचनेत सामान्यतः दोन स्वतंत्र भाग असतात. एक भाग डीएनएवरील स्थान ओळखतो व दुसरा सक्रियणाचे कार्य करतो. १९८५ मध्ये रॉजर ब्रेंट व मार्क टाश्नी यांनी सूक्ष्मजंतूतील एका प्रथिनाचा ओळखणारा भाग यीस्टमधील गॅल-४ या कारकाच्या सक्रियण करणाऱ्या भागास जोडला. असे संकरित प्रथिन यीस्टच्या कोशिकेत व्यवस्थित कार्य करते, असे आढळले. स्थान ओळखणे हे एक काम व जीन जागृत करणे हे दुसरे काम, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. मात्र हा दुसरा भाग नेमके कोणाला जागृत करतो, हा प्रश्न त्यामुळे अधिकच ठळक झाला. त्याचे उत्तर सहसक्रियकांच्या रूपाने मिळाले.

सहसक्रियक प्रथिने : मानवाच्या एका कोशिकेतील डीएनए सरळ केल्यास त्याची लांबी सु. दोन मीटर भरेल. तो केंद्रकात मावण्यासाठी आठ हिस्टोन रेणूंच्या गाभ्याभोवती डीएनएचे सु. १४७ क्षारक-जोड्यांचे वेढे पडलेले असतात. अशा एका घटकास न्यूक्लिओसोम व त्यांच्या साखळीपासून बनलेल्या द्रव्यास क्रोमॅटीन म्हणतात. हिस्टोनांची टोके लायसीन या ॲमिनो अम्लामुळे धनभारित असतात व ऋणभारित डीएनएस घट्ट धरून ठेवतात. घट्ट गुंडाळलेल्या भागात पॉलिमरेजास प्रवेश मिळणे कठीण असते. थोडक्यात, निद्रा ही बहुतेक जीनांची स्वाभाविक अवस्था असून त्यांना जागे करण्यासाठी गुंडाळी सैल करणे आवश्यक असते.

हिस्टोनांना ॲसिटिल गट जोडले जाणे व प्रतिलेखन वाढणे यांचा संबंध असावा, असे व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच सुचविले होते. परंतु हे काम करणारे प्रथिन सापडण्यास तीन दशके लागली. १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेट्राहायमिना या एककोशिक प्राण्यातून असे एंझाइम वेगळे केले. त्याची रचना तपासली असता ते यीस्टमधील जीसीएन-५ या आधीच ज्ञात असलेल्या सहसक्रियकाशी जुळणारे निघाले. सहसक्रियक हे निव्वळ दुवे नसून क्रोमॅटिनात रासायनिक बदल घडविणारी एंझाइमे असू शकतात, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ॲसिटिल गट जोडला गेला म्हणजे लायसिनाचा धनभार नाहीसा होतो, डीएनएवरील पकड ढिली पडते व ॲसिटिलयुक्त लायसीन ओळखणारी इतर प्रथिनेही तेथे येऊ लागतात.

सहसक्रियकांचे कार्यानुसार ढोबळ मानाने तीन वर्ग करता येतात. (१) हिस्टोनांत रासायनिक बदल करणारी प्रथिने : उदा., जीसीएन-५, तसेच प्राण्यांतील पी-३०० व सीबीपी ही प्रथिने. (२) कोशिकेतील ऊर्जा वापरून न्यूक्लिओसोम सरकविणारे किंवा काढून टाकणारे प्रथिनसमूह. (३) प्रतिलेखन कारक व पॉलिमरेज यांना जोडणारे समूह. यांपैकी मेडिएटर हा अनेक प्रथिनांचा समूह रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत यीस्टमध्ये सापडला. प्रतिलेखनाच्या रेणवीय आधारासंबंधीच्या संशोधनाबद्दल कॉर्नबर्ग यांना २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

याच्या उलट कार्य करणाऱ्या प्रथिनांस सहनिरोधक म्हणतात. ती हिस्टोनांवरील ॲसिटिल गट काढून टाकणारी एंझाइमे आणून क्रोमॅटीन पुन्हा घट्ट करवितात. एकच प्रतिलेखन कारक एका परिस्थितीत सहसक्रियकास, तर दुसऱ्या परिस्थितीत सहनिरोधकास जवळ करू शकतो. त्यामुळे जीनाच्या सुरू किंवा बंद होण्याचा निर्णय कारकाच्या केवळ उपस्थितीवर ठरत नाही, तर त्याचा जोडीदार कोण आहे यावर ठरतो.

क्रियेचा क्रम : सर्वसाधारणपणे सक्रियणाच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे असतात. बाहेरून आलेल्या संदेशामुळे (उदा., हॉर्मोन, अन्नद्रव्य, तापमान किंवा अम्लता यांत झालेला बदल) प्रतिलेखन कारक कार्यक्षम होतो. तो वर्धकावर किंवा प्रवर्तकावर बद्ध होतो व सहसक्रियकांना तेथे आणतो. हिस्टोनांत बदल होऊन प्रवर्तक मोकळा होतो. मेडिएटरच्या मदतीने पॉलिमरेज व सर्व जीनांना लागणारे सामान्य कारक प्रवर्तकावर एकत्र येतात; दूरचा वर्धक डीएनएचे वेटोळे होऊन प्रवर्तकाजवळ येतो. त्यानंतर डीएनएचे दोन पदर थोड्या भागात विलग होतात, पॉलिमरेजाच्या शेपटीसारख्या भागास फॉस्फेट गट जोडले जातात व ते प्रवर्तक सोडून जीनावरून पुढे सरकू लागते.

या क्रियेस विजेच्या बटणाची उपमा देण्याचा प्रघात आहे; पण ती पूर्णपणे लागू पडत नाही. जिवंत कोशिकांतील निरीक्षणांनुसार प्रतिलेखन कारकाचा एकेक रेणू आपल्या स्थानावर बहुधा काही सेकंदच टिकतो व पुन्हा सुटतो. प्रतिलेखनही सलग न होता अधूनमधून उसळ्या मारल्याप्रमाणे होते. सक्रियणामुळे या उसळ्यांची वारंवारता किंवा त्यांचा आकार वाढतो.

पेनिसिलिनाचे उदाहरण : पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा आज प्रामुख्याने मोटारगाड्या व यंत्रसामग्री यांसाठी ओळखला जातो, तथापि त्याच्या औद्योगिक वाढीच्या प्रारंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक औषधनिर्मितीचा होता. भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन केली व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. त्यापूर्वी हे औषध आयात करावे लागे. किण्वनपात्रातील कवकाचे पेनिसिलीन तयार करणारे जीन जागे राहिले तरच औषध मिळणार, असा हा व्यवसाय आहे; म्हणून जीन सक्रियणाचे ते एक उत्तम उदाहरण ठरते.

पेनिसिलियम क्रिसोजेनम हे कवक तीन एंझाइमांच्या साहाय्याने पेनिसिलीन तयार करते. पहिले एंझाइम तीन ॲमिनो अम्ले एकत्र जोडते, दुसरे त्यांपासून पेनिसिलिनाची वैशिष्ट्यपूर्ण वलयरचना बनविते आणि तिसरे या रेणूची बाजूची साखळी बदलते. पेनिसिलीन-जी मिळावे यासाठी पात्रात फिनिल ॲसिटिक अम्ल घालतात. या तीन एंझाइमांचे जीन गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. पहिल्या दोन जीनांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना असून त्यांच्या मधील हजाराच्या आसपास क्षारक-जोड्यांचा भाग हा दोघांचा सामाईक प्रवर्तक असतो. अनेक प्रतिलेखन कारकांची स्थाने याच भागात आहेत. त्यामुळे दोन्ही जीन एकत्रितपणे नियंत्रित होऊ शकतात.

पेनिसिलीन हे कवकाच्या जगण्यास रोजच्या रोज लागणारे द्रव्य नव्हे. शर्करा विपुल असता कवक वाढीवर भर देते व पेनिसिलीन फारसे तयार करीत नाही. ग्लुकोजाची रेलचेल असताना कार्य करणारे क्रिए हे निरोधक प्रथिन यामागील एक कारण आहे. सुरुवातीच्या काळात कारखान्यांत कवकास ग्लुकोजाऐवजी सावकाश पचणारे लॅक्टोज देत. पुढे ग्लुकोजच, पण अगदी थोड्या प्रमाणात सतत सोडण्याची पद्धत रूढ झाली. कवकास उपाशीही ठेवावयाचे नाही आणि तृप्तही होऊ द्यावयाचे नाही, हे या पद्धतीचे मर्म होय. झाकॉब व मॉनो यांनी अभ्यासलेला सूक्ष्मजंतू आणि पेनिसिलियम यांत ग्लुकोजाचा परिणाम घडविणारी प्रथिने वेगवेगळी आहेत. तरीही सुलभ अन्न असेतो इतर जीनांना विश्रांती देण्याचे धोरण दोहोंत समान आहे.

माध्यमाच्या अम्लतेचेही असेच आहे. पॅकसी हा जस्त-अंगुली असलेला प्रतिलेखन कारक अम्लीय माध्यमात अकार्यक्षम रूपात असतो. माध्यम क्षारीय होऊ लागले म्हणजे एंझाइमे या प्रथिनाचा एक भाग छाटून टाकतात; उरलेला आखूड भाग केंद्रकात जाऊन क्षारीय परिस्थितीस योग्य अशा जीनांना चालना देतो. ॲस्परजिलस निड्युलन्स या पेनिसिलीन तयार करणाऱ्या दुसऱ्या कवकात वलय बनविणाऱ्या एंझाइमाचा जीन अशा जीनांपैकी एक आहे. त्याच कवकात तीन प्रथिनांचा मिळून झालेला आणखी एक कारक आढळतो. तो दुसऱ्या व तिसऱ्या एंझाइमाच्या जीनांना चालना देतो, पण पहिल्याच्या जीनास मात्र आवर घालतो. एकाच कारकाचे परिणाम स्थानपरत्वे कसे उलट होतात, हे यावरून दिसून येते.

लेए हे २००४ मध्ये ॲस्परजिलसात सापडलेले प्रथिन याहूनही लक्षणीय आहे. ते डीएनएवरील विशिष्ट क्रम ओळखत नाही. मात्र केंद्रकात व्हेल्व्हेट कुलातील प्रथिनांबरोबर संयुक्त होऊन जीनांच्या समूहांवर परिणाम करते. ते काढून टाकल्यास पेनिसिलिनाची निर्मिती घटते. २०१० मध्ये पेनिसिलियम क्रिसोजेनममध्येही अशीच प्रथिने पेनिसिलिनाचे जीन व बीजुकांची (कवकाच्या सूक्ष्म प्रजोत्पादक घटकांची) निर्मिती यांचे नियंत्रण करतात, असे आढळून आले.

उत्तम वाण मिळविण्याच्या इतिहासातही हेच सूत्र दिसते. कारखान्यांतील वाणांचा मूळ पूर्वज १९४३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथे एका खरबुजावर सापडला. क्ष-किरण, जंबुपार किरण व रसायने यांच्या साहाय्याने त्यात उत्परिवर्तने (आनुवंशिक बदल) घडवून आणून अधिक उत्पादन देणारे वाण निवडण्यात आले. ही निवड केवळ उत्पादनाकडे पाहून झाली. जीनांत नेमके काय बदलले हे निवडणाऱ्यांस ठाऊक नव्हते. पुढे अशा वाणांत पेनिसिलिनाच्या तीन जीनांच्या समूहाच्या अनेक प्रती झालेल्या आढळल्या. विस्कॉन्सिन ५४-१२५५ या वाणाच्या संपूर्ण जीनसंचाचा क्रम २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा केलेल्या तुलनेत असे दिसून आले की, अधिक उत्पादन देणाऱ्या वाणात पेनिसिलिनासाठी कच्चा माल ठरणारी ॲमिनो अम्ले बनविणारे जीनही अधिक जोमाने कार्य करीत असतात. म्हणजे निवड करणाऱ्यांनी जीनांच्या संख्येबरोबर त्यांच्या सक्रियणातही नकळत बदल घडवून आणले होते. शर्करेची धार व अम्लतेचा काटा सांभाळणारे तंत्रज्ञही एका अर्थी प्रतिलेखन कारकांचेच नियंत्रण करीत होते.

महाराष्ट्रातील संशोधन : पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात संजीव गलांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एसएटीबी-१ या प्रथिनासंबंधी महत्त्वाचे संशोधन केले. हे प्रथिन टी-कोशिका या रोगप्रतिकारक कोशिकांत विपुल असते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या प्रथिनास फॉस्फेट गट जोडलेला असता ते हिस्टोनांवरील ॲसिटिल गट काढणाऱ्या एंझाइमाशी संयुक्त होते व जीन दडपला जातो. फॉस्फेट गट नसता ते पीकॅफ या सहसक्रियकाशी संयुक्त होते. पीकॅफ त्यास ॲसिटिल गट जोडते, त्यामुळे त्याची डीएनएवरील पकड सुटते व टी-कोशिकांच्या वाढीस आवश्यक अशा इंटरल्यूकीन-२ च्या जीनावरील दडपण दूर होते. म्हणजे एक लहानसा रासायनिक गट प्रथिनाचा जोडीदार बदलतो आणि जोडीदार बदलला की जीनाची अवस्था पालटते. सहसक्रियक केवळ हिस्टोनांवरच नव्हे, तर स्वतः प्रतिलेखन कारकांवरही कार्य करतात, हेही यावरून स्पष्ट होते. २०१० मधील त्यांच्या दुसऱ्या संशोधनात हेच प्रथिन पी-३०० या सहसक्रियकास गॅटा-३ या जीनापाशी आणते व टी-कोशिकांच्या एका प्रकाराचे विभेदन (विशिष्ट कार्यासाठी वेगळे होणे) घडविण्यात भाग घेते, असे दिसून आले.

मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा तोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातील मेंदूच्या वाढीचा अभ्यास केला. एलएचएक्स-२ या प्रतिलेखन कारकामुळे अग्रमेंदूतील कोशिका प्रमस्तिष्क बाह्यक (मोठ्या मेंदूचे बाहेरील आवरण) होण्याचा मार्ग धरतात. तो कारक नसल्यास त्या कोशिका एका वेगळ्याच रचनेच्या बनतात, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात दिसून आले. एका कारकाच्या असण्या-नसण्याने अवयवाची घडण ठरू शकते, याचे हे उदाहरण होय. गलांडे व तोळे या दोघांनाही २०१० चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

रोग व औषधे : सहसक्रियक अनेक जीनांना सामाईक असतात, त्यामुळे त्यांतील दोषाचे परिणाम शरीरभर दिसतात. सीबीपी या सहसक्रियकाच्या जीनाच्या दोन प्रतींपैकी एकच निकामी झाली, तरी रुबिनस्टाइन-टायबी हा जन्मजात विकार उद्‌भवतो. त्यात शारीरिक व बौद्धिक वाढ मंदावते आणि हातापायांचे अंगठे रुंद असतात. एक प्रत शाबूत असूनही रोग होतो, यावरून सहसक्रियकाची केवळ उपस्थिती नव्हे, तर त्याचे प्रमाणही महत्त्वाचे असते, हे लक्षात येते.

इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनाचा ग्राही हा स्वतःच एक प्रतिलेखन कारक आहे. हॉर्मोन बद्ध झाले म्हणजे त्याचा आकार बदलतो व सहसक्रियकास धरून ठेवणारी खाच तयार होते. स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन हे औषध त्याच ग्राहीत बसते, पण ती खाच तयार होऊ देत नाही. परिणामी स्तनातील कोशिकांत सहनिरोधक तेथे येतात व वाढीस चालना देणारे जीन दबून राहतात. येथे औषध जीनास स्पर्शही करीत नाही. ते केवळ दोन प्रथिनांची भेट टाळते.

प्रतिलेखन कारकांचे सामर्थ्य २००६ मध्ये जपानमधील शिन्या यामानाका यांनी प्रत्ययास आणून दिले. त्यांनी उंदराच्या पूर्ण वाढ झालेल्या कोशिकांत केवळ चार कारकांचे जीन घातले असता त्या कोशिका भ्रूणावस्थेतील कोशिकांप्रमाणे बहुगुणी झाल्या. या कार्याबद्दल त्यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निद्रिस्त जीनसमूह : पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या प्रयोगशाळेत एम्. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसीन हे कवकनाशक प्रतिजैव द्रव्य शोधून काढले. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजंतूस पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसीझ पिंप्रिना असे नाव देण्यात आले. त्या काळी नवे औषध शोधणे म्हणजे मातीतील सूक्ष्मजीव वेगळे करून ते काय स्रवतात हे पाहणे होय. स्ट्रेप्टोमायसीझ व कवके यांच्या जीनसंचांचे क्रम कळल्यावर असे आढळले की, प्रयोगशाळेत ज्यांचा कधीच मागमूस लागत नाही अशी कित्येक द्रव्ये बनविण्याचे जीनसमूह त्यांच्यात असतात. पण ते सामान्य परिस्थितीत निद्रिस्त राहतात.

असा एक समूह जागा कसा होतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील संशोधनातून समजले. ॲस्परजिलस निड्युलन्स या कवकाच्या निकट सान्निध्यात स्ट्रेप्टोमायसीझची एक जाती वाढविली असता कवकातील एरवी निद्रिस्त असणारा जीनसमूह कार्यरत होतो. त्यासाठी कवकातील जीसीएन-५ सारख्या सहसक्रियकाने हिस्टोनांस ॲसिटिल गट जोडणे आवश्यक असते. मातीत शेजारी राहणाऱ्या दोन जीवांचा संबंध सहसक्रियकाच्या द्वारे थेट क्रोमॅटिनापर्यंत पोहोचतो, असा याचा अर्थ होतो. एकटा वाढविलेला सूक्ष्मजीव आपले सर्व सामर्थ्य प्रकट करीत नाही, हेही यावरून दिसून येते.

पेनिसिलिनास व त्यानंतरच्या अनेक प्रतिजैव द्रव्यांस दाद न देणारे रोगजंतू आता सर्वत्र आढळतात व त्यांवर नव्या द्रव्यांची निकड आहे. अशी द्रव्ये मिळविण्यासाठी नवे जीव शोधण्याबरोबरच परिचित जीवांतील निद्रिस्त जीन जागे करणे हा एक मार्ग आहे. त्याकरिता योग्य प्रतिलेखन कारकाचे प्रमाण वाढविणे, हिस्टोनांवरील ॲसिटिल गट काढणाऱ्या एंझाइमांस रोखणे किंवा नैसर्गिक शेजारी परत मिळवून देणे हे उपाय योजले जातात. पिंपरीसारख्या कारखान्यांत शर्करा व अम्लता यांच्या अनुभवसिद्ध नियंत्रणाने जे साधले गेले, तेच आता जीनांच्या नियंत्रणाच्या ज्ञानावर आधारून करण्याचा हा प्रयत्न होय.